चाल

पाय गेले, म्हणतात लोक.

पाय कुठं गेले? इथंच आहेत. खाटेवर, गोधडीखाली, शेजारी-शेजारी. नखं वाढतात, दर रविवारी मी कापतो. टाचांच्या भेगा बुजून गेल्यात. अण्णांचे पाय इतके मऊ मी जन्मात पाहिले नव्हते.

गेलीस ती तू.

चाल.

तुझ्याकडं कधी कुणी निरखून बघितलं नाही. ऐकलं मात्र सगळ्यांनी. रातपाळी सुटली की कबनूरच्या आमच्या गल्लीत चपलाच चपला वाजायच्या, आणि त्या गर्दीत तू ओळखू यायचीस. कापशीची जाड चप्पल. डाव्या पावलाला लांबलचक कर्र, उजव्याला आखूड. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी ती कर्र आली की आई भाकरी तव्यावर टाकायची, आणि अण्णा उंबरा ओलांडायचे तेव्हा ती टम्म फुगलेली असायची. घड्याळाकडं कधी बघितलं नाही तिनं. तू होतीस.

आता अण्णा दिवसभर घरातच असतात, आणि भाकरी नेमकी कधी टाकायची हे तिला कळेनासं झालंय.

मागवाला बसून काम करतो असं ज्याला वाटतं, त्यानं माग पाहिलेला नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि त्या एका खटखटीतून पुढं सगळा मुलूख वाजायला लागला; इचलकरंजी कुठं संपते आणि कबनूर कुठं लागतं, हे नुसत्या कानाला आजही सांगता यायचं नाही. त्या आवाजाच्या पोटात, चार मागांमधल्या हातभर बोळातून, कांडी संपत आली की तिकडं आणि धागा तुटला की इकडं, एका हातानं धोटा काढत आणि दुसऱ्यानं भरली कांडी बसवत, पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात सुताची लव तरंगायची तेव्हा आणि रात्री ट्यूबलाइटच्या पांढऱ्याफटक उजेडात तीच लव भुवयांवर येऊन बसायची तेव्हा, वैशाखात पत्रा तापून डोक्यावर उतरायचा तेव्हा आणि आषाढात तोच पत्रा मागांहून मोठ्यानं वाजायचा तेव्हा, ताईच्या लग्नाच्या आदल्या रात्री, आजीच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, माझी फी भरायची होती त्या आठवड्यात दिवसपाळीला जोडून रातपाळी, तू जात राहिलीस आणि येत राहिलीस, जात राहिलीस आणि येत राहिलीस, आणि पाळी संपेतोवर तुझ्यामागं मीटरवर मीटर कापड गुंडाळलं जायचं, पण तू त्या बोळाच्या बाहेर पाऊलभरही गेलेली नसायचीस.

किती कोस झाले असतील?

मोजणार कोण. मोजत होते ते कापड. मजुरी मीटरवर होती, पावलांवर नव्हती.

आमच्याकडं सगळं चालतं. माग चालतो, दुकान चालतं, घर चालतं, नाही चाललं तरी चालतं. 'काय अण्णा, कसं चाललंय?' म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'चालतंय की!' आता माणसं दारात येतात, सवयीनं तोंड उघडतात, 'कसं चा...' आणि गप होतात. तो अर्धा शब्द उंबऱ्यावर तसाच पडून राहतो. कुणी तो उचलत नाही. मग अण्णाच त्यांची सुटका करतात. जीभ जड झालीय, शब्द ओलसर, एकमेकांत अडकून येतात.

'चाल... तंय... की.'

पाहुणा चहा न घेताच उठतो.

तू एकदम गेली नाहीस. एकदम गेली असतीस तर तो वार, ती तिथी तरी सांगता आली असती. आधी निघालीस ती डाव्या पायाच्या अंगठ्यातून. कोल्हापुरी चपलेला अंगठा असतो, त्यात पायाचा अंगठा असतो, आणि सगळा माणूस त्या एवढ्याशा पकडीवर चालत असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. ओढ्याजवळून आम्ही दोघं येत होतो. संध्याकाळची वेळ. तुझी लांब कर्र मध्येच तुटली. मी वळून बघितलं.

'अण्णा, चप्पल मागं राहिली.'

'कळतंय रं. अंगठा धरंना झालाय.'

कळत होतं त्यांना. सगळं कळत होतं. अजूनही कळतं. रात्री पोटरीवर डास बसला तर तो कुठं बसलाय हे अण्णा नेमकं सांगतात. पाय झटकता मात्र येत नाही. मग मी उठतो, दिवा लावतो, हलक्या हातानं त्या जागी खाजवतो. 'थोडं वर,' म्हणतात. 'हां.' एवढंच. रात्री तीन वाजता, त्या पिवळ्या उजेडात, बापाच्या पोटरीवर बोटं फिरवताना मला तुझी जेवढी आठवण येते, तेवढी दिवसा येत नाही.

मग डावं पाऊल घासायला लागलं. फर्र. पायरी दिसायची, पाऊल उचलायचं नाही. मग भिंत. खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीवर तळहाताचा एक मळकट पट्टा उमटत गेला. आधी खांद्याच्या उंचीवर, मग छातीच्या, मग कमरेच्या. मग माझा खांदा. मग खुर्ची.

गेल्या दिवाळीत घराला रंग काढला. तो पट्टा मीच झाकला. दोन हात मारले, छान झाकला गेला. तुझी तेवढी एकच लिहिलेली ओळ होती, आणि ती मी पुसली.

आजाराला नाव आहे. ॲमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस. पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरानं १८६९ मध्ये त्याचं वर्णन केलं. आई त्याला नुसतं 'ते' म्हणते. अमेरिकेत म्हणे ते एका खेळाडूच्या नावानं ओळखतात, लू गेरिगच्या. बेसबॉलचे सलग २१३० सामने खेळलेला गडी, १९३९ च्या मे महिन्यात आपणहून बाकावर जाऊन बसला. वाचताना मला एकच शब्द सुचला: खाडा. एवढ्या वर्षांत एक खाडा नाही आणि मग एका दिवशी खाडा, तो कायमचा. अण्णांनीही असंच केलं. एका सकाळी डबा भरलेला होता, आणि ते खाटेवर बसून म्हणाले, 'आज न्हाई जात.'

भेटायला येणारे हॉकिंगचं नाव घेतात. शास्त्रज्ञ, खुर्चीतला. एकविसाव्या वर्षी डॉक्टरांनी दोन वर्षं हातात दिली, गेले ते शहात्तराव्या वर्षी. २००१ च्या जानेवारीत मुंबईला आले होते, एकोणसाठावा वाढदिवस तिथंच झाला. खरं आहे सगळं. बहुतेकांच्या वाट्याला दोन ते पाच वर्षं येतात, हेही खरं आहे; ते कुणी बोलत नाही. अख्खं विश्व हिंडला तो माणूस खुर्चीत बसून, असं सांगतात. अण्णांना विश्व नको आहे. मोरीपर्यंत जायचंय.

खुर्ची आली तेव्हा मी नसीमा हुरजूक यांचं आत्मचरित्र आणून वाचलं. कोल्हापूरच्याच त्या, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी करून त्यांनी कितीजणांना घराबाहेर काढलं. पुस्तकाचं नाव 'चाकाची खुर्ची'. 'प्रेरणादायी' हा शब्द मला सोसत नाही, पण ते पुस्तक सोसवलं, कारण त्यात खुर्ची ही खुर्चीच आहे. फक्त त्यांची खुर्ची जगात गेली. आमची उंबऱ्याशी थांबते. उंबरा चार बोटांचा आहे, मी फळी टाकलीय. अण्णा फळीकडं बघतात आणि मान हलवतात. नको.

त्या उंबऱ्यावरून तू रोज, न बघता, जायचीस.

पौर्णिमेला वाडी. आमच्या भागात नुसतं वाडी म्हटलं की पुरतं. नरसोबाची वाडी, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची. रात्रीच निघायचं. मी सात-आठ वर्षांचा असेन. गाव मागं पडलं की मागांचा आवाज आधी विरायचा, मग दिवे विरायचे, मग नुसतं चांदणं आणि उसाची पानं, आणि पुढं तू. लांब कर्र, आखूड कर्र. मला झोप यायची आणि मी तुझ्या तालावर झोपेतच चालायचो. पाय दुखतात म्हटलं तर अण्णा म्हणायचे, 'मोजू नगंस. चालत ऱ्हा.' पहाटे घाटावर पोचायचो. पाणी काळं, मग राखाडी, मग एकदम उजळलेलं. येताना कवठाची बर्फी, कागदात.

वाडीला मूर्ती नाही. पादुका आहेत. नृसिंह सरस्वती तिथं बारा वर्षं राहिले, गाणगापूरला निघाले तेव्हा पादुका मागं ठेवून गेले. लहानपणी मला काळजी वाटायची, देव अनवाणी गेला असेल.

तिथं चालणारा निघून गेला आणि पादुका राहिल्या. इथं चालणारा राहिलाय, चपलाही आहेत दाराआड. मधली तू तेवढी नाहीस.

पावसाळ्यात कृष्णा चढते. पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. दक्षिणद्वार म्हणतात त्याला. त्या पाण्यात नाहायला माणसं लांबून येतात. पादुका कुठंच जात नाहीत; नदी त्यांच्याकडं चालत येते.

गेल्या पावसाळ्यात मी एकटाच गेलो. बसनं. बाटलीभर पाणी आणलं. आईनं परात काढली, खाटेजवळ ठेवली, आणि अण्णांची पावलं एकेक करून उचलून परातीत ठेवली, जशी ताटात वाटी ठेवावी. 'मी धरतो, तू वत,' म्हणाली. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. मी ओतलं. घोट्यावरून पाणी ओघळलं, बोटांच्या फटींतून गेलं, परातीच्या काठाला लागून हललं, आणि दारातून आलेला उजेड त्या पाण्यावरून उसळून अण्णांच्या हनुवटीवर थरथरायला लागला.

'गार,' म्हणाले.

एक शब्द. नीट, कोरडा, अख्खा.

तेव्हाच दिसलं. पोटरीत, कातडीखाली, काहीतरी लवलवत होतं. इथं, मग तिथं, मग थोडं खाली. पाऊस पडायच्या आधी तळ्यावर पहिले थेंब पडतात तसं. पाय निश्चल, आणि आत ही बारीक फडफड. दुखत नाही म्हणतात त्यांना. मी हात ठेवला. हाताखाली येत होतं आणि जात होतं.

तू का?

जाताना सगळी निघाली नाहीस का? की वाट विसरून आतल्या आत, हातभर बोळातून, अजून येरझाऱ्या घालतेयस?

हात ठेवून बसलो बराच वेळ. मग तेही थांबलं.

वीज गेली की गाव थांबतं. चारी बाजूंची खटखट एका क्षणात बंद पडते आणि कानात पोकळी होते. बाहेरची माणसं या शांततेला दचकतात. आम्ही वीज यायची वाट बघतो. हल्ली जुने साधे माग किलोवर भंगारात जातात, जागी बिनधोट्याचे येतात, त्यांचा आवाज निराळा. वीज येते आणि माग सुरू होतात तेव्हा अण्णा डोळे मिटून ऐकतात. कुठल्या शेडमध्ये अजून साधे राहिलेत, किती, ते त्यांना कळतं. बोट हलत नाही, नाहीतर मोजून दाखवलं असतं.

घरात आता चालतो तो एक कवडसा. सकाळी उंबऱ्यावर असतो. दुपारी खाटेशी येतो. अण्णांच्या पावलांवर थोडा टेकतो, नखं चमकतात, मग भिंत चढायला लागतो, जिथं तो पट्टा होता तिथून. अण्णा त्याच्यामागून जातात. मान वळत नाही. डोळे जातात.

तेवढेच चालतात आता, डोळे.

काल आईनं दाराआडून चपला काढल्या. फडक्यानं पुसल्या. डावीची पुढची कड घासून कागदाएवढी झालीय. उजवी अजून धडधाकट. वाटीत तेल घेऊन ती उजेडाला बसली आणि बोटानं पट्ट्यांना, तळाला, अंगठ्याला लावत राहिली. सावकाश, अण्णांच्या देखत.

'कशाला गं आता?'

तिनं वर बघितलं नाही.

'वापरात नसलं की चामडं तडकतं.'