गाडीचा बंब

कॅनडातल्या विनिपेगच्या विमानतळाबाहेर आलो आणि समोरच्या वाहनतळाकडे बघतच राहिलो. ओळीनं उभ्या गाड्या, आणि एकेकीच्या पुढच्या जाळीतून लोंबणारी वायर. टोकाला तीन पिनांचा प्लग. सांगलीत मोटारी रिवाइंड करण्यात माझी हयात गेली, पण पेट्रोलच्या गाडीला प्लग कधी पाहिला नव्हता. "मामा, इथं रात्री गाडी विजेला लावूनच झोपायचं," भाचा म्हणाला.

आपल्याकडे इंजिनाचा वैरी उन्हाळा. खंबाटकीच्या चढाला बॉनेटमधून वाफ निघायची, ते आपल्याला ठाऊक. वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी पेपरात फोटो येतो. इथं पारा उणे ३४ वर होता. एवढ्या गारठ्यात इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, आणि ते ढवळायला ज्या बॅटरीनं जोर लावायचा, तिची ताकद उणे १८ लाच निम्म्यावर आलेली असते.

भाच्यानं जुनी गाडी घेतली होती ती व्हँकुव्हरची, तिकडे थंडी बेताची, म्हणून तिला इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर नव्हता. तो बसवायला नेली तेव्हा मेकॅनिकनं मला जवळ उभं राहू दिलं. त्यानं कूलंट काढलं आणि ब्लॉकच्या कुशीतली रुपयापेक्षा थोडी मोठी पत्र्याची टोपी ठोकून बाहेर काढली. बिडाचा ब्लॉक ओतल्यावर आतली वाळू काढायला ठेवलेलं ते भोक. किर्लोस्करवाडीच्या बाजूचा माणूस मी, ओतकाम लहानपणापासून बघत आलोय. त्या भोकात हीटरची कॉइल सरकवता येईल, हे कधी मनात आलं नव्हतं. मी मल्टिमीटर मागितला. ३६ ओहम. १२० व्होल्टवर ४०० वॉट, हिशेब चोख! वायर एक्झॉस्टपासून आणि पंख्यापासून लांब बांधत त्यानं जाळीतून बाहेर काढली. मी प्लग उचलला तसा त्यानं माझा हात धरला: आधी कूलंट भरायचं, हवा काढायची, मग वीज. कोरडी कॉइल जळते. आजी आम्हाला बंबाबद्दल हेच सांगायची, पाण्याआधी विस्तव घालू नका.

इंजिन विजेनं गरम ठेवायची ही युक्ती रुजवली सीमेपलीकडे अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी. इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी तापणारा बोल्ट बसवायचा, याचं पेटंट त्यांना १९४९ साली मिळालं. ते वीज सहकारी संस्था चालवायचे, हे कळलं तेव्हा आम्हा सहकाराच्या मुलखातल्या माणसांना ते घरचेच वाटले.

तिसऱ्या रात्री शेजारच्या आजोबांची गाडी विजेला लावायची राहिली. सकाळी नुसता 'टक' आवाज. त्यांची बॅटरी जुनी, उतरलेली. आतलं पाणी गोठून कडा फुगल्या होत्या. भाच्याकडे जोडवायरी होत्या, पण आजोबांनी लावू दिल्या नाहीत. गोठलेली बॅटरी फुटू शकते. त्यांनी ती टाकूनच दिली. भाच्यानं धसका घेतला आणि आपली बॅटरी खोलून आत आणली. पोत्यावर ठेवून चार्जर जोडला. माघाच्या थंडीत शेळीचं करडू चुलीशी घेतात ना, तशी ती दाराजवळच्या खोलीत रात्रभर होती. मी दोनदा उठून पाहिलं. पहाटे चार्जरवरचा हिरवा दिवा लागला होता.