गरम वाफेला वाट

माझं शिक्षण दहावीपर्यंत. घरात कॉम्प्युटर आला तो सुनेमुळे. तिनं गावात दाखले काढून द्यायचं केंद्र टाकलं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचे कागद, विम्याचे अर्ज. कांद्यानं दगा दिला त्या वर्षी घरात मीठमिरची आली ती तिच्या त्या पत्र्याच्या खोलीतून. म्हणून मे महिन्यात कॉम्प्युटर भर दुपारी बंद पडू लागला, तेव्हा ऐन पेरणीत बैल बसावा तसं घराचं झालं.

आमचं गाव मालेगावच्या बाजूचं. मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकतो, पत्र्याखाली तर विचारूच नका. पोरांचे निकाल लागायचे दिवस, प्रवेशाला दाखले हवेत. अर्ज अर्धा भरला की पडदा काळा. "नाना, गेला परत," सून म्हणायची, आणि बाकावरची माणसं तालुक्याच्या गाडीकडे बघायला लागायची. एकदा तालुक्याला गेलेलं गिऱ्हाईक परत फिरत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "जुनं झालंय, नवीन घ्या. २५ हजार धरून चाला." कांदा चाळीत पडून होता, भाव नव्हता. २५ हजार आणायचे कुठून?

माझा पुतण्या आयटीआय शिकलेला, मोटारी बांधतो. त्याला बोलावलं. त्यानं वायर काढून डबा उघडला आणि मला समजावलं. मधे प्रोसेसर असतो, तोच सगळं काम करतो. बोटभर तुकडा, पण जोरात चालला की ६०-६५ वॉट खातो. पूर्वीचा ६० वॉटचा बल्ब पेटता असताना हातात धरवायचा नाही, तेवढी ऊब त्या इवल्याशा जागेत. त्याच्यावर पात्यांचा अॅल्युमिनियमचा ठोकळा, ठोकळ्यावर पंखा. फार तापलं की तो आधी आपलं काम हळू करतो, तरी भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीनच बंद होतं.

"मग पंखा तर फिरतोय की," मी म्हणालो.

"फिरतोय, पण डब्यातलीच गरम हवा परत परत ओढतोय."

इथं मला कळलं. कांदाचाळीचं दुखणं हेच. कांदा श्वास घेतो, त्याची ऊब आणि ओल ढिगात कोंडली की मधला कांदा सडतो. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलायचा, फटी ठेवायच्या, ढीग ५ फुटांवर न्यायचा नाही. आणि विहिरीवरची मोटार बघा. मागच्या पंख्यावर लोखंडी टोपी असते. ती काढली तरी पंखा फिरतोच, पण वारा मोटारीच्या पात्यांवरून न जाता इकडेतिकडे पांगतो. वाऱ्याला वाट बांधून द्यावी लागते.

आधी डबा टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढला. ठोकळ्याच्या पात्यांत धुळीची गोधडी बसली होती, ती ब्रशनं काढली. पंख्याच्या पात्यात काडी अडकवून ठेवली, म्हणजे झटकताना तो भन्नाट फिरत नाही. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामधला लेप वाळून खडू झाला होता. तो पुसून नवा लावला, मसुराच्या दाण्याएवढा. जास्त लावून उपयोग नसतो.

मग डब्याची बाजूची पत्रा-फळी काढून अंगणात नेली. लोखंडाचा कीस आत बोर्डावर पडला तर काम तमाम, म्हणून कापाकापी लांबच. पंख्याच्या समोर येईल असा गोल आखला, रेघेवर बारीक भोकं पाडली, छिन्नीनं तुकडा उडवला, कानशीनं कड घासली. भोकात ठिबकच्या कामातून उरलेल्या ९० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवला. त्याचं आतलं तोंड पंख्यापासून बोटभर अंतरावर, बाहेरच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी. डब्यामागे पंख्याची जागा रिकामीच होती. तिथं भंगारातल्या मशीनचा १२ व्होल्टचा पंखा लावला, हवा बाहेर फेकणारा.

बरोबर झालं की नाही, हे उदबत्तीनं पाहिलं. पाइपाजवळ धरली तर धूर आत गेला, मागे धरली तर धूर लांब उडाला. खर्च २०० रुपयांच्या आत.

पूर्वी दुपारी प्रोसेसरचा आकडा ९५ च्या पुढे जायचा. आता तो ८० च्या अलीकडे राहिला. एक मात्र खरं, खोलीतल्या हवेपेक्षा थंड पंख्यानं काही होत नाही. म्हणून पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारले. कुणी सांगितलं, डब्यावर ओलं गोणपाट टाका. त्याला म्हटलं, बाबा, हा माठ नव्हे, आत वीज खेळतेय.

त्या जूनमध्ये सुनेनं पहाटेपासून रात्रीपर्यंत दाखल्यांचे अर्ज भरले. मधे एकदाही पडदा काळा झाला नाही. शेजारच्या वाडीतली एक पोर शेवटच्या दिवशी दुपारी दोनला आली, उन्हानं लाल झालेली. तिचं नर्सिंगच्या प्रवेशाचं काम होतं. अर्ज गेला, पावती निघाली. ती पाइपाकडे बघून म्हणाली, "काकू, ह्याला सोंड कशाला?" सून हसली. गावात त्या मशीनचं नाव तेव्हापासून गणपती. दर सोमवारी सून जाळी धुते आणि वाळवून परत बांधते.