वहिनींच्या गोळ्या

२०१९ च्या श्रावणातली गोष्ट. वहिनी सरकारी दवाखान्यातून थेट आमच्या घरी आल्या आणि पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून माझ्या हातात ठेवला. "वन्सं, रिपोर्टात काही सापडलं नाही बघा. व्हायरस इल्ला म्हणे!" मीही आनंदाने बोलून गेले, "सुटलात एकदाच्या!" त्या वाक्याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

वहिनी म्हणजे माझ्या मामेभावाची बायको. माहेर कन्नड, सासर मराठी, शेती दोन्हीकडे. दादा २००६ साली गेला, तेव्हाच्या तपासणीत त्यांनाही एचआयव्ही असल्याचं कळलं. त्या काळात आपल्या जिल्ह्यात अशी घरं थोडी नव्हती, पण कुणी बोलत नव्हतं. पुढे गोळ्या सुरू झाल्या. सरकारने त्या एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली होती. गोळ्या न्यायला येताना वहिनी आमच्याकडे मुक्काम करू लागल्या. हे सारं त्यांना विचारूनच लिहिते आहे. गाव मात्र सांगणार नाही.

त्या श्रावणानंतर त्या फिरकल्याच नाहीत. उसाच्या कामात असतील, असं मी धरून चालले. मार्गशीर्षात आल्या त्या तापाने फणफणलेल्या, तोंडात पांढरे चट्टे. चार महिने गोळी घेतलेलीच नव्हती. मी चिडले, तर शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात की सुटले म्हणून."

मी मराठी शिकवते. विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना स्टाफरूममध्ये गाठलं आणि विचारलं, रक्तात नव्हता तो विषाणू आला कुठून? सरांनी एक कोरा कागद ओढला.

सर म्हणाले, हा विषाणू वाटेल त्या पेशीत शिरत नाही. त्याला दाराची कडी लागते. सीडी-फोर नावाचा रेणू ही ती कडी, आणि जोडीला सीसीआर-फाइव्ह किंवा सीएक्ससीआर-फोर ही दुसरी. दोन्ही ज्यांच्या अंगावर असतात त्या नेमक्या आपल्या राखणदार पेशी! बर्लिनमध्ये टिमोथी ब्राउन नावाच्या रुग्णाला २००७ साली रक्ताच्या कर्करोगासाठी दुसऱ्याची मूळपेशी बसवली. त्या दात्याच्या पेशींवर सीसीआर-फाइव्हची कडीच नव्हती. ब्राउन एचआयव्हीतून बरे झाले. पण तो उपचार जिवावरचा, सगळ्यांना देता येण्यासारखा नाही.

पेशीपेशीत या विषाणूची वागणूक निराळी. त्वचेत आणि आतल्या ओल्या अस्तरात फांद्यांसारखे हात असलेल्या डेंड्रायटिक पेशी असतात. आलेला शत्रू पकडून लसिकाग्रंथींत नेऊन दाखवायचा, हे त्यांचं काम. हा लबाड त्यांच्याच खांद्यावर बसून ग्रंथींत पोहोचतो. तिथे मदतनीस टी-पेशींची गर्दी. कामाला लागलेली टी-पेशी त्याला फार सोयीची. तिच्या यंत्रणेवर तो हजारो प्रती काढतो आणि ती बहुधा एकदोन दिवसांत मरते. आतड्यातल्या अशा पेशी तर लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी मात्र लगेच मरत नाहीत, त्या विषाणूला बराच काळ सांभाळतात. मेंदूतही त्यांची भावंडं आहेत.

सरांनी कागदाच्या कोपऱ्यात एक छोटा गोल काढला. "खरी अडचण ही." काही टी-पेशी लागण झाल्यावरही मरत नाहीत, विश्रांती घेतात. जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या या पेशी वर्षानुवर्षे जगतात. विषाणूने आपली प्रत त्यांच्या जनुकांतच शिवून ठेवलेली असते. पेशी झोपलेली, म्हणून तोही गप्प. गोळ्या नव्या पेशींना होणारी लागण थांबवतात. जो काहीच करत नाही त्याला त्या पकडणार कशा? अशा पेशी दहा लाखांत एखादी, म्हणून तपासणीत रक्त स्वच्छ दिसतं. हा साठा निम्मा व्हायलाच जवळजवळ पावणेचार वर्षं लागतात. गोळी बंद झाली आणि त्यातली एखादी जागी झाली, की बहुधा काही आठवड्यांतच पुन्हा सुरुवात.

तो कागद मी घरी आणला. वहिनी ताप उतरून अंगणात बसल्या होत्या. मी निम्मं मराठीत, निम्मं मोडक्या कन्नडात सांगू लागले. त्या कोपऱ्यातल्या गोलापाशी आले तशा त्या हसल्या. "म्हणजे गरिके की हो! हरळी. नांगरून, वेचून रान कसं स्वच्छ दिसतं. एक कांडी राहिली की पहिल्या पावसात हिरवं." माझ्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा हे बरं होतं.

पेढे वाटण्यात चूक नव्हती, हेही सरांनी मला बजावलं. विषाणू सापडत नाही इतका दबला आणि तसाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही आणि माणूस नेहमीसारखं आयुष्य जगतो. चूक होती ती माझ्या "सुटलात"मध्ये.

समुपदेशक बाईंनी वहिनींना रागावून नव्हे, कन्नडात समजावून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. विषाणू पुन्हा दबायला काही महिने गेले, मधेच २०२० चा लॉकडाऊन आला. तेव्हापासून रात्री नऊला माझा फोन वाजतो. बाकी काही बोलायचं नसलं तरी वाजतो. "वन्सं, गुळिगे आयतु," एवढं सांगून वहिनी फोन ठेवतात.