पाण्याखालची गर्दी

मागच्या रविवारी ताईकडे जेवायला गेले होते. भाचेरावांची डाइव्हिंगची बॅग हॉलमध्येच पसरलेली. ताईने विचारलं, "याच्या फिन्सना हा पिवळा टेप कशाला चिकटवलाय गं?" मी आणि भाच्याने एकमेकांकडे बघितलं आणि दोघं एकदमच म्हणालो, "ओळखायला." ते खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं आज लिहून टाकते.

ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. सगळं नीट झालं, तुझा मुलगा धडधाकट आहे, रोज त्याला डबा तूच देतेस. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.

२०२३ च्या जूनमध्ये त्याचं इंजिनिअरिंग संपलं. नोकरीवर हजर व्हायला महिनाभर होता. "मावशी, आपण दोघं कुठेतरी डाइव्हिंगला जाऊ या." मला तर निमित्तच हवं होतं. मी २०११ मध्ये हॅवलॉकला शिकले (२०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण जुनी सवय), आणि दोन वर्षांपूर्वी त्यालाही शिकायला तिथेच पाठवलं होतं. त्याच्याही आधी आम्ही सगळे मालवणला गेलो होतो ते आठवत असेलच. मे महिना, किल्ल्याजवळ होड्याच होड्या, प्रत्येकाला दहा मिनिटं पाण्यात बुडवून, माशांसोबत व्हिडिओ काढून पुन्हा वर. तेव्हा मी नाक मुरडून म्हटलं होतं, हे काही खरं डाइव्हिंग नव्हे, बाहेरच्या देशांत बघा समुद्र कसा मोकळा असतो... मला हे वाक्य पुढे फार महागात पडलं.

जुलै महिना म्हटल्यावर जागा निवडणं म्हणजे एकेका नावावर काट मारत जाणं. आपला किनारा पावसाळ्यात बंद. अंदमानात समुद्र खवळलेला. थायलंडची सिमिलन बेटं दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. मलेशियाचं सिपादान माझ्या मनात कितीतरी वर्षांपासून आहे, पण तिथे रोज ठरावीकच परवाने देतात. पूर्वी दिवसाला १२० होते, पुढे वाढवले, तरी ऐनवेळी मिळणं कठीण. मालदीव खिशाला परवडेना. राहिलं बाली. तिथे जुलै म्हणजे कोरडा मोसम, शिवाय याच सुमाराला खोल, गार पाण्यातून मोला मोला नावाचा तो अवाढव्य, अर्धा कापल्यासारखा दिसणारा मासा वर येतो. ठरलं! जुलैमध्ये युरोपात मोठी सुट्टी असते आणि ऑस्ट्रेलियातल्या शाळाही थोड्या दिवसांसाठी बंद असतात, हे मात्र दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसरी चूक मुक्कामाची. राहिलो बेटाच्या दक्षिणेला, कारण तिथे हॉटेलं आणि खाणं सोयीचं. तुलांबेन राहिलं ईशान्य किनाऱ्यावर, गाडीने अडीच तास. एका डाइव्ह शॉपकडे एका दिवसाची ट्रिप घेतली. एका गाइडमागे किती माणसं असतील हे विचारलंसुद्धा नाही. भाजी घेताना दहा प्रश्न विचारणारी मी!

तुलांबेनला काय आहे ते सांगते. जानेवारी १९४२ मध्ये लिबर्टी नावाच्या अमेरिकन मालवाहू जहाजाला लोंबोकच्या सामुद्रधुनीत जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. जहाजावर रबर आणि रेल्वेचं सामान होतं. ओढून नेताना ते फार पाणी घ्यायला लागलं, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर आणून टेकवलं. एकवीस वर्षं तिथेच पडून होतं. मग १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी उसळला आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं. आता ते किनाऱ्याला लागूनच आडवं आहे, वरचा भाग पाच मीटरवर आणि तळ तीसच्या आसपास. होडी लागत नाही, काळ्या गोल गोट्यांवरून चालत पाण्यात शिरायचं. गावातल्या बायका डोक्यावर टँक घेऊन त्याच गोट्यांवरून झपझप जातात, काहीजणी तर एकावेळी दोन-दोन. मी एक टँक पाठीवर घेऊन तीनदा धडपडले.

इतकं सोपं, इतकं जवळ, इतकं सुंदर. म्हणून तर सगळे तिथेच येतात, आणि दक्षिणेतून येणाऱ्या सगळ्या गाड्या साधारण दहाच्या सुमाराला पोचतात. आमचीही.

एका गाइडमागे आम्ही सहाजण. खाली गेल्यावर पहिली पाचेक मिनिटं जहाज दिसलंच नाही, माणसंच दिसली. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला असतं तसं. कुणाचा पंखा माझ्या मास्कला लागला, कुणी गुडघ्यांनी वाळू उडवली, प्रत्येक गाइड आपापल्या माणसांना बोलवायला टँकवर ठोकतोय. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे कुठून आला हे कानाला कळतच नाही. सगळेच ठोकताहेत, सगळेच वळून बघताहेत. आणि सगळ्यांच्या अंगात भाड्याचे काळे वेटसूट, पायात भाड्याचे काळे फिन्स.

मी भाच्याच्या मागे होते. जहाजाच्या फुटलेल्या बाजूशी एक दुसरा घोळका आम्हाला छेदून गेला. मी एका पंख्यावर वाढलेलं प्रवाळ बघायला क्षणभर थांबले, मग पुन्हा त्याचे फिन्स पकडून निघाले. तीन-चार मिनिटं मजेत त्यांच्या मागे होते. मग ते फिन्सवाले गृहस्थ वळले. दाढीवाले, पन्नाशीचे, मला बघून त्यांनी सभ्यपणे ओकेची खूण केली.

शिकताना पहिल्या दिवशी सांगतात: जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर सावकाश वर यायचं. तोही तेच करणार असतो, वर भेट होते. सोपा नियम आहे. भाच्याला विमानात मीच तो पुन्हा पाठ करून घेतला होता.

मी वर गेले नाही. मला जाववलंच नाही. तो खाली एकटा आहे आणि मी त्याला तिथे ठेवून वर जातेय, असंच मला वाटत होतं. जहाजाच्या पोटात अंधार दिसला, तिथे डोकावले. आणखी खाली गेले, चोवीस मीटरला, जिथे तो जाणारच नव्हता कारण त्याची मर्यादा अठराची. ताई, विमानतळावर तू म्हणाली होतीस, "नीट आण गं याला परत." तेवढं एकच वाक्य डोक्यात. गेजकडे बघितलं तर ११० चे ६५ झालेले. तेव्हा कुठे भानावर आले आणि वर निघाले.

वर सगळे होते. गाइड, बाकीचे चौघं आणि भाचा. तो हरवलाच नव्हता! तो गाइडच्या मागे होता तिथेच होता, हरवले होते मी. मागे वळून बघितलं तर मावशी नाही. एक मिनिट शोधलं, मग गाइड सगळ्यांना घेऊन वर आला. एरवी वरून बुडबुडे बघून माणूस कुठे आहे याचा अंदाज येतो, पण त्या दिवशी सगळा समुद्रच उकळत्या पातेल्यासारखा दिसत होता म्हणे. त्याने मला ओरडायला हवं होतं. ओरडला नाही. माझ्या जॅकेटचा पट्टा मुठीत धरला, तो किनाऱ्याला पाय लागेपर्यंत सोडला नाही.

रात्री त्याने माझ्या डाइव्ह कॉम्प्युटरवरचा आलेख बघितला. "मावशी, चार मिनिटं आणि वर काही सेकंद," एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने, "मी वर आलो ना एका मिनिटाने? तू शिकवलंस म्हणून आलो." यावर काय बोलणार?

पहिला राग अर्थातच डाइव्ह शॉपवर काढला, मग गर्दीवर. पण त्या गर्दीतले दोन आम्हीच होतो, आणि त्या दाढीवाल्यांच्या दृष्टीने तर त्यांच्या मागे लागलेली काळी गर्दी म्हणजे मीच.

दक्षिणेतलं उरलेलं बुकिंग रद्द केलं, पैसे गेले. मोला मोलाचा बेतही गेला. तुलांबेन गावातच साधी खोली घेतली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून इलेक्ट्रिकचा पिवळा टेप. तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला, अजून नीट उजाडायचं होतं तेव्हा, पाण्यात उतरलो. आम्ही दोघं, एक गाइड, लांब कुठेतरी एक-दोन टॉर्च. जहाजाच्या आसऱ्याला रात्री झोपणारे कपाळावर टेंगूळ आलेले मोठे पोपटमासे त्याच वेळी बाहेर निघतात. एकेक जवळजवळ मीटरभर लांब, म्हशींसारखे संथ, आमच्याकडे न बघता कळपाने निघून गेले. आणि माझ्यापुढे दोन पिवळे पट्टे वरखाली होत होते. खरं सांगायचं तर मासे कमी आणि तेच जास्त बघितले. आम्ही बाहेर येऊन गोट्यांवर बसून भात आणि अंडं खात होतो तेव्हा पहिली गाडी आली.

तेव्हापासून जागा निवडताना मी आधी नकाशा उघडतच नाही, कॅलेंडर उघडते. आपल्या सुट्ट्या, त्यांच्या सुट्ट्या, आणि मोसमाच्या दोन्ही टोकांचे आठवडे, जेव्हा पाणी थोडं गढूळ असतं पण माणसं नसतात. मुक्काम पाण्याच्या जवळ, खाणं कसंही. एका गाइडमागे चारपेक्षा जास्त म्हणाले की फोन ठेवायचा. जिथे माणसांवर मर्यादा घालतात तिथे कुरकुर करायची नाही. मालदीवच्या हनिफारूला मांटांच्या थव्यात टँक लावून उतरायला २०१२ पासून बंदी आहे, नुसतं स्नॉर्केलिंग. तेव्हा मला ती फार जाचक वाटली होती. आणि ज्या जागेच्या नावापुढे 'मरण्याआधी एकदा तरी' असं लिहिलेलं असतं, ती मी यादीत तळाला टाकते. सिपादान मात्र अजून वरच आहे, तेवढा मोह सुटत नाही.

त्याच्याच परवान्याचं चाललंय सध्या. मधल्या वारचे दोन दिवस मिळण्यासारखे आहेत. भाच्याने रजा टाकली आहे, टेपचं नवीन बंडलही आणलं आहे. या वेळी माझ्या फिन्सना लावायला, म्हणतो.

ताई, आता फोन कर.