चिंध्यांची बाहुली

आमच्या भिवापूरच्या आजीच्या बाहुलीला नाक-डोळे नसायचे. जुन्या लुगड्याची चिंधी, आत कापसाचा गोळा, गळ्याशी दोरा, आडवी गुंडाळी म्हणजे हात. झाली बाहुली! डोळे काढून दे म्हटलं की म्हणायची, "माहे हात सातऱ्यावरचे, बाई. तिच्या डोयात मिरची जाईन." (सातरा म्हणजे मिरच्यांची देठं खुडायची जागा.)

गंमत म्हणजे युक्रेनमधली 'मोतांका' बाहुलीही अशीच. तिच्या नावातच गुंडाळणं आहे. घरातल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या, सुई न लावता गुंडाळायच्या. चेहरा कोरा, नाहीतर त्या जागी दोऱ्यांची फुली. चेहरा दिला तर बाहुलीत जीव येतो, अशी तिकडे समजूत.

आजी गेल्यावर तिचं एकच लुगडं उरलं होतं. भाची बाहुली मागत होती आणि आई ट्रंक उघडू देईना. आठवण फाडायची कशी? मला वाटायचं, ट्रंकेत राहून त्याला कसरच लागणार. शेवटी एक दिवस आईनेच पदर फाडला, गोळा भरला, दोरा बांधला.

भाचीने डोळे मागितलेच नाहीत. पहिल्या दिवशी म्हणाली, "ही रडतेय." दुसऱ्या दिवशी तीच बाहुली हसत होती म्हणे. आई तेव्हा कुठे हसली.

तुमच्या आजीच्या बाहुलीला डोळे होते का हो?