मोतीबागेतली बासी ईद

जालन्याला समुद्र नाही; तो सुमारे ४०० किलोमीटर दूर. तरी दिनेगावच्या ड्राय पोर्टचे नाव ऐकल्यापासून आमच्या घरातली मुले ‘आपलं गाव बंदर होणार’ म्हणून मिरवतात. ‘‘मग जहाजं कुठं उभी राहणार?’’ धाकट्याने विचारले. दादी म्हणाल्या, ‘‘जहाज नाही, पण पाणी दाखवते. चला मोतीबागेत.’’

बासी ईदेला अस्रची नमाज आटोपून आम्ही दोन रिक्षांतून निघालो. डब्यात शीरखुर्मा, पिशवीत चटई. बागेत अर्धे जालना लोटलेले! झोपाळ्यांपाशी रांगा, भेळवाल्याभोवती गर्दी. शेजारच्या चटईवरचे जोशी कुटुंब आमच्या ओळखीचे निघाले. शीरखुर्म्याची वाटी तिकडे गेली, चिवड्याची पुडी इकडे आली.

पलीकडे मोती तलाव. हा तलाव जमशेदखानाने बांधला आणि जमिनीखालून नळ घालून त्याचे पाणी शहरातल्या हौदांपर्यंत नेले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण कौतुकाने सांगतो. पण पाण्यावाचून पाळणा हलला असता का? व्यापारी येत, मुक्काम करीत, ते या पाण्याच्या भरवशावर.

२०१२-१३ चा दुष्काळ आम्ही विसरलेलो नाही. टँकरचा भोंगा वाजला की दादीसुद्धा घागर घेऊन दारात येत. वजूचे पाणी बादलीत धरून आम्ही झाडांना घालत होतो. तेव्हा जन्मालाही न आलेला धाकटा आज कुरकुऱ्याचे रिकामे पाकीट तलावाच्या दिशेने भिरकावत होता. दादींनी त्याचा हात धरला.

‘‘बेटा, पाणी पाजणं हा सदका-ए-जारिया. बांधणारा गेला, त्याचा सवाब चालू आहे. आणि त्यात कचरा टाकणाऱ्याच्या खात्यात काय जमा होईल?’’

तो गप्प झाला. पाकीट खिशात कोंबले. मग आजूबाजूची आणखी चार-पाच उचलून आणली. जोशींची नातही त्याच्या मागे धावू लागली.

मगरिबची अजान झाली तशी आम्ही चटई झटकली. रिक्षात बसताना धाकट्याने पुन्हा विचारले, ‘‘दादी, जमशेदखानाचं घर कुठं होतं?’’

दादी म्हणाल्या, ‘‘ते ठाऊक नाही. तलाव मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.’’