‘लांबले’ आणि ‘लांबवले’

हूटगळ्ळीत राहणाऱ्या एका मराठी तरुणाने मध्यंतरी विचारले, इंग्रजीतील ‘ड्रॅग ऑन’ आणि ‘ड्रॅग आउट’ यांत फरक काय? एखादी गोष्ट गरजेपेक्षा अधिक काळ चालणे, हा अर्थ दोन्हींत आहेच. मात्र पहिले क्रियापद अकर्मक आहे. बैठक, खटला, आजारपण ‘ड्रॅग ऑन’ होते, म्हणजे रेंगाळत चालू राहते. दुसरे सकर्मक आहे. तेथे कोणीतरी ती गोष्ट लांबवत असतो. मराठीत हाच भेद ‘लांबणे’ आणि ‘लांबवणे’ या जोडीत सहज सापडतो.

प्रशासनात हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही. आमच्या टिपण्यांची आवडती वाक्ये पाहा: ‘प्रकरण प्रलंबित आहे’, ‘निर्णयास विलंब झाला’. त्यांत कर्ता शोधूनही सापडत नाही. जणू नस्ती स्वतःच्याच आळसाने टेबलावर पडून राहिली!

काही विलंब खरोखरच ‘लांबणे’ या सदरात मोडतात. हूटगळ्ळीच्या उत्तरेस कावेरीवर कृष्णराजसागर धरण आहे. या नदीच्या पाणीवाटपासाठी १९९० मध्ये लवाद नेमला गेला, त्याचा अंतिम निवाडा २००७ मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ मध्ये. एवढ्या काळाचा एकच कर्ता दाखवता येणार नाही. परंतु गावाकडच्या साध्या दाखल्याला दोन महिने लागले, तर तेथे कर्ता असतोच. परमुलखात नोकरी करणाऱ्यास त्या दिरंगाईपायी प्रत्येक खेपेला रजा आणि प्रवासखर्च मोजावा लागतो.

कायद्याने हा कर्ता वाक्यात परत आणला. महाराष्ट्राच्या २००५ च्या विलंब-प्रतिबंधक अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. कर्नाटकात २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘सकाल’ योजनेत विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी अर्जदारास २० रुपये, कमाल ५०० रुपये भरपाईची तरतूद झाली. रक्कम किरकोळ आहे, पण उशीर कोणामुळे झाला हे ठरवल्याशिवाय ती वसूल करता येत नाही.

म्हणून त्या तरुणाला व्याकरणाबरोबर एक व्यवहारही सांगितला. ‘माझे काम का रखडले?’ असे विचारू नये. माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, याची नोंद माहितीच्या अधिकाराखाली मागावी. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. बहुतेकदा उत्तराआधी दाखलाच हाती पडतो.